वाळवीची पाहणी : काय कळते, काय कळत नाही

पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे घिरट्या घालू लागतात. सकाळी खिडकीखाली त्यांच्या पंखांचा खच पडलेला असतो आणि तो केराबरोबर लोटला जातो. घराची पाहणी करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा केर म्हणजे पुरावाच. वाळवीची वसाहत काही वर्षे वाढली की त्यातून पंखधारी नर-माद्या बाहेर पडतात आणि जमिनीवर उतरून पंख गाळून टाकतात. उघड्या खिडकीजवळचे पंख बाहेरून आलेल्या किड्यांचे असू शकतील. पण नेहमी बंद असणाऱ्या खोलीत ते सापडले, तर वसाहत इमारतीतच किंवा तिच्या पायाशी असण्याची शक्यता बरीच मोठी.

जुने घर विकत घेताना किंवा शाळेच्या छपराची दुरुस्ती काढताना आपण वाळवीची पाहणी करून घेतो. 'वाळवी आढळली नाही' असा कागद हाती पडतो आणि आपण तो 'वाळवी नाही' असा वाचतो. या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. ते का, हे समजण्यासाठी वाळवीची राहणी पाहू.

वाळवीच्या कामकरी किड्याचे अंग मऊ, पातळ कातडीचे असते. उघड्या हवेत ते लवकर सुकते. म्हणून तो उजेड आणि वारा टाळतो. जमिनीतील वसाहतीपासून लाकडापर्यंत जाताना तो माती, लाळ आणि विष्ठा यांचा बोगदा बांधतो व त्याच्या आतूनच ये-जा करतो. लाकडात शिरल्यावरही बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतला गर खातो. रंग दिलेली चौकट बाहेरून धडधाकट दिसते आणि खिळा ठोकायला जावे तर हातोडी आत जाते!

तेव्हा पाहणी करणाऱ्याला वाळवीचे गाव सहसा दिसत नाही. दिसतात त्या तिच्या वाटा. तो जोत्याच्या कडेने बॅटरी घेऊन फिरतो. दाराच्या चौकटी जमिनीला टेकतात ती जागा, मोरीची भिंत, नळ आणि विजेच्या तारा भिंतीत शिरतात ती भोके, जिन्याखालची अडगळ, वाशांची भिंतीत गेलेली टोके ही त्याची ठरलेली ठिकाणे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने लाकूड ठोकून तो आवाज ऐकतो, पोकळ वाटले तर टोकाने टोचून बघतो. भारतीय मानक 6313 च्या तिसऱ्या भागात, बांधून झालेल्या इमारतीत औषध घालण्यापूर्वी उपद्रव कुठवर पसरला आहे आणि वाळवी कोणत्या वाटेने आत आली हे कसून पाहावे, असे सांगितले आहे. बोगदे दिसताच झाडून, रॉकेल शिंपडून मोकळे होणारी मंडळी हा दुसरा प्रश्नच पुसून टाकतात. पाहणीआधी घर लख्ख करू नये, ते याचसाठी.

आता सुटते ते. भिंतीच्या आत काय आहे, फरशीखाली काय आहे, भिंतीला कायमच्या जोडलेल्या कपाटामागे काय आहे, हे तोडफोड केल्याशिवाय कळत नाही. आणि पाहणीत तोडफोड करत नाहीत. सामाईक भिंतीपलीकडचे शेजाऱ्याचे घर तर हिशेबातच नसते. सुक्या लाकडात राहणारी वाळवी आणखी फसवी, कारण तिला मातीशी संबंध ठेवावा लागत नाही, म्हणून बोगदेही नसतात. तिच्या विष्ठेचे खसखशीएवढे, सहा बाजूंचे कण लाकडाखाली पडले तरच तिचा पत्ता लागतो.

ओलावामापक यंत्राचा दबदबा फार. परंतु ते ओल मोजते, वाळवी नव्हे. गळका नळही त्याचा काटा हलवतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुळईची ताकद. वाळवी आहे की नाही हे सांगणारा माणूस छप्पर भार पेलेल की नाही हे सांगत नाही. ते काम स्थापत्य अभियंत्याचे. वर्गावरचा वासा पोकळ वाजला तर औषधवाल्याआधी अभियंत्याला बोलवावे आणि तोवर मुले दुसरीकडे बसवावीत. अमेरिकेत गृहकर्जासाठी चालणाऱ्या वाळवी-अहवालाच्या छापील नमुन्यातही, हा अहवाल फक्त दिसणाऱ्या व पोहोचता येणाऱ्या भागांचा आहे, इमारतीच्या मजबुतीचा नाही, असे बजावलेले असते. शिवाय त्या व्यवहारासाठी तो 90 दिवसांच्या आत वापरावा लागतो. आपल्याकडच्या कागदावर तारीख तरी आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

शाळेत ही पाहणी विद्यार्थ्यांसह करता येईल. सुरुवात कार्यालयापासून करा. कागदही सेल्युलोजच, आणि जुनी जनरल रजिस्टरे नेमकी भिंतीला टेकवलेल्या कपाटात, खालच्या फळीवर असतात. ती गेली तर कोणाच्या तरी जन्मतारखेचा एकमेव पुरावा जातो. कपाट वीतभर पुढे ओढून मागची भिंत पाहा. बोगदा सापडला तर तो सगळा पाडू नका. मधला दोन बोटांचा तुकडाच काढा, शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहा. तुकडा ओल्या मातीने सांधलेला असेल तर वाट चालू आहे. सांधलेला नसेल तर ती वाट बंद पडली असेल, किंवा वाळवीने दुसरी काढली असेल. तेव्हा शेजारचे कपाटही ओढून पाहावे लागेल.