बिनकुंपणाचे शिवार : नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन

इंग्लंडच्या मध्यभागी, शेरवुडच्या जंगलपट्ट्याच्या पूर्वेला, नॉटिंगहॅमशायर परगण्यात लॅक्स्टन हे छोटे गाव आहे. चर्चच्या हद्दीवरून आखलेल्या वस्तीच्या घटकाला तिकडे पॅरिश म्हणतात. लॅक्स्टनच्या पॅरिशमध्ये मूळ गाव, मूरहाउस नावाची वाडी आणि भोवतालचे शिवार येते. रहिवासी काही शेकड्यांच्या घरातले. एक चर्च, एक पब आणि दोन्ही बाजूंना विटांची शेतघरे असलेला मुख्य रस्ता, एवढेच गाव. अशी गावे त्या भागात कितीतरी सापडतील. लॅक्स्टनला अभ्यासक आणि प्रवासी येतात ते त्याच्या शेतांसाठी. मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात चालणारी सामायिक, बिनकुंपणाची शेतीपद्धत आजही पूर्ण कारभारासह चालू आहे, असे हे इंग्लंडमधले एकमेव ठिकाण मानले जाते.

गावात शिरताच एक गोष्ट लक्षात येते. शेतघरे शेतात नाहीत, रस्त्यालगत आहेत. बरीचशी रस्त्याकडे कड करून उभी आहेत आणि प्रत्येकामागे लांबट परडे आहे. इंग्लंडमध्ये इतरत्र शेतकऱ्याचे घर सहसा त्याच्या जमिनीच्या मधोमध, शेजाऱ्यापासून दूर असते. इथे तसे करून भागणार नव्हते, कारण एका शेतकऱ्याची जमीन एका जागी नव्हतीच. ती साऱ्या शिवारात पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेली होती. मग सगळ्यांना सारखे जवळ पडेल असे ठिकाण म्हणजे गावठाणच.

शिवाराचे मुख्य भाग तीन : वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. यातले प्रत्येक म्हणजे सलग उघडा माळ. आत कुंपण नाही, झुडपांची वई नाही, आणि आपल्याकडे असतो तसा बांधही नाही. एका कुळाचा पट्टा कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, हे नांगराच्या तासावरून आणि कडेला ठोकलेल्या खुंटीवरून कळते. माती भारी चिकणमातीची. पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे चर साफ राखणे ही प्रत्येकाची जबाबदारी. जिथे उतार फार किंवा ओल फार, तिथे नांगर कधी घातलाच गेला नाही. अशा गवताळ पट्ट्यांना तिथले लोक ‘साइक’ म्हणतात. त्यांच्यावरचे गवत दर उन्हाळ्यात लिलावाने विकले जाते. शतकानुशतके नांगर आणि खत न लागल्यामुळे या साइकांवर रानफुलांचा असा संग्रह टिकला, की शासनाने त्यांना विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे क्षेत्र म्हणून संरक्षण दिले आहे. निसर्ग राखायचा म्हणून कुणी हे राखले नव्हते. बैलांना चारा हवा होता, इतकेच.

तिन्ही भागांत पिकांची फेरपालट ठरलेली असते. एका भागात शरद ऋतूत पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसऱ्याला विसावा. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे सरकते. पडीक भागावर आणि कापणीनंतरच्या धसकटांवर पूर्वी साऱ्या गावाची जनावरे चरत. म्हणूनच एकट्याला मनाला येईल ते पीक घेता येत नसे. शेजारी गहू कापून मोकळे झाले आणि आपले पीक अजून उभे असले, तर त्यात गुरे शिरणारच. भरकटलेल्या जनावरांसाठी गावात कोंडवाडाही होता.

पट्टे विखुरलेले ठेवण्यामागे काय हेतू असावा, यावर इतिहासकारांनी बराच वाद घातला आहे. चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी, हे एक उत्तर. एका कोपऱ्यात पीक बुडाले तरी दुसऱ्यात हाती लागावे, हे दुसरे. चार्ल्स आणि क्रिस्टाबेल ऑर्विन या दांपत्याने १९३८ साली लॅक्स्टनवर एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यांनी बोट ठेवले ते नांगरटीच्या कामावर : जड नांगर आणि जुंपलेले बैल यांच्या जोरावर गावाने मिळून दिवसाकाठी जेवढे नांगरले, त्याचे वाटप होत होत पट्टे पडत गेले. ऑर्विन यांचे सगळे म्हणणे पुढच्या संशोधकांनी स्वीकारले नाही, पण लॅक्स्टनचे नाव जगभर झाले ते त्यांच्यामुळे.

गावाची लेखी नोंद १०८६च्या डूम्सडे बुक या राजाने करवून घेतलेल्या पाहणीत आहे. तेव्हा ही जहागीर जेफ्री ॲल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे होती. गावाच्या उत्तरेला गवताने झाकलेले मातीचे उंच उंचवटे दिसतात, ते नॉर्मन काळातल्या किल्ल्याचे अवशेष. दगडी तट किंवा बुरूज शोधणाऱ्याची निराशा होईल. मात्र मातीकामाचा हा किल्ला परगण्यातल्या उत्तम नमुन्यांत गणला जातो. पुढे इथे दे को आणि नंतर एव्हरिंगहॅम या घराण्यांचा अंमल झाला. शेरवुडच्या राजवनाची राखण त्यांच्याकडे वंशपरंपरेने होती. सेंट मायकल चर्चमध्ये एव्हरिंगहॅमांच्या कबरींवरच्या मूर्ती आहेत. त्यांतली एक लाकडात कोरलेली आहे, आणि मध्ययुगीन लाकडी मूर्ती इंग्लंडमध्ये थोड्याच उरल्या आहेत.

लॅक्स्टनचा खरा ठेवा मात्र गावात नाही, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. १६३५ साली मार्क पीयर्स या मोजणीदाराने सबंध पॅरिशचा नकाशा काढला आणि जोडीला खातेवही लिहिली. दोन हजारांहून अधिक पट्टे त्यात एकेक करून दाखवले आहेत. कोणता पट्टा कुणाचा, किती क्षेत्राचा, सारे नोंदलेले आहे. रिकाम्या जागांत नांगरणारे, कापणी करणारे आणि शिकारीला निघालेले लोक चितारले आहेत. ही मोजणी ज्याने करवली, तो जमीनदार म्हणजे लंडनचा धनाढ्य व्यापारी सर विल्यम कोर्टेन. ईस्ट इंडिया कंपनीला शह देणाऱ्या व्यापारी मंडळीचा हाच मुख्य सावकार. त्या मंडळींची जहाजे जॉन वेडेलच्या हाताखाली १६३६ मध्ये गोव्याला पोहोचली आणि पुढे कारवारच्या बाजूला त्यांची वखारही उभी राहिली. कोर्टेन मात्र त्याच वर्षी मेला. नॉटिंगहॅमशायरच्या चिखलातले पट्टे मोजणारा पैसा आणि कोकणच्या किनाऱ्यावर मिरे शोधणारा पैसा एकाच तिजोरीतला होता, हे पीयर्सच्या सुबक नकाशाकडे पाहताना सहसा कुणाच्या मनात येत नाही.

इंग्लंडमधली बाकीची बरीचशी उघडी शिवारे गेली ती कायद्याने. सामायिक जमिनी एकत्र करून, त्यांची फेरवाटणी करून कुंपणे घालण्यासाठी १६०४ ते १९१४ या काळात संसदेने पाच हजारांवर कायदे केले. त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. जमीनदारांचे उत्पन्न वाढले. गुरे चारण्याच्या हक्कावर जगणाऱ्या गरिबांचा आधार तुटला. लॅक्स्टनलाही या लाटेचा स्पर्श झाला. बाहेरच्या कडेची पुष्कळशी जमीन कुंपणात गेली, उघडे क्षेत्र घटत घटत पाचशे एकरांच्या आसपास आले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारीक पट्टे जोडून मोठे करण्यात आले. तरीही गाभा राहिला, आणि तो राहण्यात कुणाच्या दूरदृष्टीचा फारसा वाटा नव्हता. गावात जमीन असलेले दोन बडे उमराव होते, अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो. त्यांचे वाटणीवर एकमत झाले नाही. ते पटकन एकमेकांशी जुळवून घेणारे असते, तर आज लॅक्स्टनचे नाव कुणाला माहीत नसते.

शिवाराचा कारभार ‘कोर्ट लीट’ हे गावकोर्ट पाहते. नोव्हेंबरच्या अखेरीस पंच मंडळी, म्हणजे इथली ज्यूरी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून त्या वर्षी गहू पेरलेल्या भागात जातात. खुंट्या तपासून पुन्हा ठोकतात, चर पाहतात. कुणी वाटेत किंवा साइकात नांगर घातला असेल तर त्याची नोंद होते. बांध कोरणे हा गुन्हा इथे बांध नसतानाही जिवंत आहे. पाहणीनंतर जेवण गावच्या ‘डव्हकोट इन’मध्ये. आठवडाभराने कोर्ट भरते, हजेरी घेतली जाते, दंड ठरतात आणि पुढच्या वर्षाची ज्यूरी शपथ घेते. दंडाची रक्कम किरकोळच असते. खरी शिक्षा म्हणजे साऱ्या शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाणे. १९७७च्या कायद्याने इंग्लंडमधल्या अशा जुन्या कोर्टांचे न्यायाधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचा अपवाद करण्यात आला. त्यामुळे या कोर्टाला केवळ उत्सवी देखावा म्हणता येत नाही.

शेतकरी स्वतः मालक नाहीत, कुळे आहेत. उघड्या शिवारातले पट्टे हा त्यांच्या धारणेचा एक भाग, बाकीची जमीन कुंपणाआड आहे, आणि नफ्याचा हिशेब मुख्यतः तिच्यावर चालतो. आजची मोठी यंत्रे लहान पट्ट्यांवर वळवणे कटकटीचे आहे. ही पद्धत टिकवायची तर मालकालाही खंडाच्या अपेक्षा बेताच्या ठेवाव्या लागतात, म्हणून मालक कोण हा प्रश्न गावाच्या दृष्टीने नेहमी नाजूक राहिला. अर्ल मॅन्व्हर्सने १९५२ मध्ये गाव कृषी खात्याला विकले. पद्धत चालू राहावी हा त्यामागचा उद्देश होता. १९८१ मध्ये ते राजघराण्याच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेले. क्राउन इस्टेटने ते विकायला काढल्यावर गावात काळजी पसरली. अखेर २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने, म्हणजे मॅन्व्हर्स घराण्याच्याच जुन्या जहागिरीने, ते परत घेतले.

लॅक्स्टनला जवळची मोठी गावे ऑलर्टन आणि टक्सफर्ड. लंडनहून येणाऱ्याला न्यूअर्कपर्यंत रेल्वे आहे, पुढे वीसेक किलोमीटरचा रस्ता. पबशेजारी माहिती केंद्र आहे, तिथून शिवारातल्या वाटांवर पायी फिरता येते. साइकांवरची फुले पाहायची तर जूनमध्ये, गवत कापण्याआधी जावे. पट्टे नीट ओळखता येतात ते उशिरा शरदात, गहू बोटभर वर आलेला असताना. पावसानंतर मात्र ती चिकणमाती बुटांना सोडत नाही.