जुन्या जीपच्या ठिणगीची वेळ

ज्या शेतकरी बंधूंच्या घरीं पेट्रोलवर चालणारी जुनी जीप अद्याप वापरांत आहे, त्यांची एक तक्रार वारंवार ऐकूं येते. गाडी पूर्वींप्रमाणें ओढत नाहीं, चढावर तापते आणि पेट्रोल अधिक खाते. अशा वेळीं इंजिन खोलून बोअर करण्याचा सल्ला सहज मिळतो, व त्यांत एका हंगामाची शिल्लक खर्ची पडते. परंतु पुष्कळदां दोष इंजिनाच्या पोटांत नसून ठिणगी पडण्याच्या वेळेंत असतो. तो घरच्या घरीं तपासतां येतो. म्हणून त्याची रीत येथें क्रमवार देत आहों.

महिंद्र कंपनीनें 1947 सालीं मुंबईंत विलिस जीप जोडण्यास आरंभ केला. त्या गाडीच्या चार नळकांड्यांच्या, सुमारें 2.2 लिटरच्या इंजिनाचेंच उदाहरण घेऊं. दट्ट्या वर येतांना पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दाबतो, आणि ठिणगीनें तें पेटतें. पेटून पुरता जोर येण्यास क्षणाचा अंश लागतो. यास्तव दट्ट्या अगदीं वर पोंचण्यापूर्वीं, क्रँक 5 अंश मागें असतांनाच ठिणगी पडावी, असें या इंजिनाचें मान आहे. वेग वाढला कीं ती आणखी आधीं पडावी लागते. तें काम डिस्ट्रिब्यूटरमधील वजनें आपोआप करितात.

ठिणगी उशिरां पडल्यास गाडीची ओढ जाते, पाणी तापतें व सायलेन्सरांत फटफट होते. लवकर पडल्यास चढावर हातोडीच्या ठोक्यासारखा खणखण आवाज येतो आणि हॅंडल मारतांना तें उलट झटका देतें. हा झटका मनगट मोडण्याइतका जबर असूं शकतो. मात्र ठोका ऐकूं येत नाहीं, एवढ्यावरून वेळ बरोबर आहे असें समजूं नये. या इंजिनांतील दाबाचें प्रमाण सुमारें साडेसहास एक, म्हणजे बेताचें आहे, आणि आजचें पेट्रोल त्या काळच्या पेट्रोलाहून ठोका अधिक टाळणारें आहे. त्यामुळें केवळ कानावर भिस्त ठेवणारा फसतो.

कित्येक कारागीर प्रथम डिस्ट्रिब्यूटर सैल करून अदमासानें फिरवितात. तसें करूं नये. जमिनीची मोजणी करणारा आधीं साखळी पडताळतो. साखळीच आखूड असेल तर सर्व बांध चुकतात. येथील साखळी म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट. त्यांचा घासणारा ठोकळा झिजतो, पॉइंटांमधील अंतर कमी होतें, ते उशिरां उघडतात आणि ठिणगी मागें पडत जाते. हें इतकें हळूहळू घडतें कीं मालकास इंजिनच म्हातारें झालें असें वाटतें.

म्हणून प्रथम गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हातब्रेक ओढावा व किल्ली बंद करावी. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून हॅंडलनें इंजिन हळू फिरवावें. पॉइंट पुरते उघडतील तेथें थांबून त्यांमधील अंतर फीलर गेजनें 0.020 इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर ठेवावें. पॉइंटांस खड्डे पडले असल्यास ते बदलावे. रोटरचा दांडा बाजूस डुगडुगत असेल तर त्याचा बुश झिजला आहे; तो बदलल्यावांचून वेळ एका जागीं राहणार नाहीं.

नंतर रेडिएटरकडील पहिला प्लग काढून भोंकावर अंगठा ठेवावा. हॅंडल फिरवितांना हवा अंगठ्यास लोटूं लागली कीं दट्ट्या दाब देत वर येत आहे असें जाणावें. फ्लायव्हीलवरील अथवा पुढील पुलीवरील 5 अंशांची खूण समोर येतांच थांबून प्लग परत बसवावा. या वेळीं रोटरचें तोंड झांकणांतील पहिल्या प्लगच्या तारेच्या जागेकडे हवें. तेथून रोटर फिरतो त्या दिशेनें तारांचा क्रम 1, 3, 4, 2 असावा.

आतां बॅटरीइतक्याच व्होल्टचा लहान दिवा घेऊन त्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरवरील बारीक तारेच्या स्क्रूस व दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावावी. कॉइलची जाड तार लोखंडास टेकवून ठेवावी. किल्ली चालू करून क्लॅम्प सैल करावा. डिस्ट्रिब्यूटर प्रथम रोटरच्या दिशेनें दिवा विझेपर्यंत, व मग उलट दिशेनें अगदीं हळू फिरवावा. दिवा लागेल तोच पॉइंट उघडण्याचा, म्हणजे ठिणगीचा क्षण. तेथेंच क्लॅम्प आवळून किल्ली लगेच बंद करावी, नाहींतर कॉइल तापते.

वेळ लावून झाल्यावरही हॅंडल मारतांना अंगठा चारही बोटांच्या बाजूसच ठेवावा, आणि हॅंडल खालून वर ओढावें. वरून खालीं दाबूं नये. एवढें करूनही गाडी तापली वा ओढेनाशी झाली, तर मग रेडिएटर, कार्बुरेटर व नळकांड्यांतील दाब यांची तपासणी करावी; इंजिन खोलण्याचा विचार सर्वांत शेवटीं. ज्या दिवशीं पॉइंट लावले ती तारीख, अंतर आणि मीटरवरील आंकडा वहींत टिपून ठेवावा. पुढील वेळीं गाडी मंदावली कीं आधीं ती वही उघडावी, मग पाना हातीं घ्यावा.