आधी डोंगर, मग समुद्र

इंदापूर तालुक्याच्या दक्षिण कडेला, नीरा नदीच्या काठी निरवांगी वसले आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा सुरू होतो. कळंब, निमसाखर, निरवांगी, खोरोची हा सारा पट्टा उसाच्या फडांचा आणि सपाट रस्त्यांचा. चढ म्हणावा असे येथे फारसे काही नाही. या भागातील व्यापाऱ्याचे पाय गल्ल्यापासून काट्यापर्यंत आणि काट्यापासून गोदामापर्यंत एवढेच चालतात. पन्नाशी उलटेपर्यंत त्याला स्वतःच्या गुडघ्यांची आठवण होत नाही, कारण त्यांची परीक्षा घेणारे जवळपास काही नसते. ती परीक्षा होते सम्मेद शिखरजीच्या पायथ्याशी, मधुबनात, पहाटे दोन वाजता.

सुटीत कुठे जावे हा प्रश्न आता प्रत्येक घरात निघतो. मुलांना मनाली हवे असते, सुनेला केरळ, आजीला शिखरजी; आणि घरच्या कर्त्याला यांपैकी काहीही चालते, फक्त दुकान चार दिवसांहून अधिक बंद राहता कामा नये. नोकरदाराला सुटी मिळते, व्यापाऱ्याला ती काढावी लागते. जूनमध्ये बियाणे, खते आणि शाळेची खरेदी, आषाढात तालुक्यातून जाणारी तुकोबांची पालखी, मग पर्युषण आणि दशलक्षण पर्व, लगेच दिवाळी, त्यानंतर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि लग्नसराई, मार्चमध्ये हिशेब. या चक्रात रिकामी फट उरते ती दिवाळीनंतरच्या काही दिवसांची आणि जानेवारी-फेब्रुवारीतील एखाद्या आठवड्याची. एवढ्या फटीतून हा खंडप्राय देश पाहायचा, तर कोणते ठिकाण चांगले यापेक्षा कोणते आधी, हा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.

हा विचार न केल्याची किंमत कोण मोजते, हे प्रत्येक गावातील एखाद्या तरी घरात दिसते. आजीने साठीच्या आत शिखरजीचे नाव काढलेले असते. या वर्षी दुकानाचे बांधकाम, पुढच्या वर्षी नातवाची दहावी, त्यानंतर बाजार मंदीचा. मधल्या काळात घरातील तरुण जोडपी गोवा, उटी, काश्मीर करून येतात, कारण ती ठिकाणे 'सोपी' असतात. अखेर सगळे घर मधुबनात पोहोचते तेव्हा आजी पंचाहत्तरीला टेकलेली असते. बाकीचे पहाटे डोंगर चढू लागतात आणि ती धर्मशाळेच्या ओट्यावर जपमाळ घेऊन त्यांची वाट पाहत बसते. डोली मिळते, हे खरे. परंतु आपल्या देहाचा भार दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर टाकून वंदना करणे अनेक वडीलधाऱ्यांना मान्य होत नाही, आणि त्या संकोचामागे अहिंसेचा संस्कार आहे. त्याला हट्ट म्हणणे बरे नव्हे.

म्हणून आपल्या कुटुंबांनी प्रवासाचा क्रम गुडघ्यांवरून लावावा. डोंगर आधी, समुद्र नंतर. समुद्र सत्तराव्या वर्षीही तसाच भेटतो.

शिखरजीचा डोंगर झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यात आहे. चोवीसांपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. उंची साडेतेराशे मीटरहून अधिक, त्या राज्यातील सर्वांत उंच. चढ, वरची टोंकांची प्रदक्षिणा आणि उतार हे प्रत्येकी नऊ, असे सत्तावीस किलोमीटर मोजले जातात. पार्श्वनाथ टोंकेपर्यंत जाऊन परतण्यास धडधाकट माणसालाही दहा-बारा तास लागतात, आणि कित्येक यात्रेकरू डोंगरावर काही खात नाहीत. थकवा चढताना जाणवत नाही; तो उतरताना, दुपारच्या उन्हात, मांड्या थरथरू लागल्या की कळतो. जाण्यापूर्वी दोन महिने रोज पहाटे कालव्याच्या काठाने पाच-सहा किलोमीटर चालण्याचा सराव केला, तर हा डोंगर पुष्कळ सौम्य होतो. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. तिकीट काढले त्याच दिवशी चालायला सुरुवात करावी, हा हिशेब सोपा आहे.

याच डोंगरावरून जानेवारी २०२३ मध्ये देशभर मोर्चे निघाले, हे वाचकांना आठवत असेल. पारसनाथ परिसराला पर्यटनाच्या चौकटीत बसविण्याला समाजाने विरोध केला आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक उपक्रमांना स्थगिती दिली. त्या दिवसांत बारामती-इंदापूरसारख्या भागांतही 'तीर्थ म्हणजे सहलीचे ठिकाण नव्हे' हेच वाक्य जिकडेतिकडे बोलले जात होते. ते खरेच आहे; पण त्याचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे वळतो. टोंकेवर उभे राहून मोबाईलवर चलत्चित्र काढणारे, वाटेवर प्लास्टिकची बाटली टाकणारे आणि धर्मशाळेत रात्री अकरापर्यंत पत्ते कुटणारे बहुधा बाहेरचे नसतात. शिवाय हा डोंगर संथाळ समाजाचाही पवित्र 'मरांग बुरू' आहे, याची जाणीव ठेवून तेथे वावरले तर आपल्याच मागणीला वजन येते. तीर्थ आणि सहल यांच्यामध्ये निदान एक रात्र तरी जाऊ द्यावी. शिखरजी करून पावापुरीचे जलमंदिर आणि राजगीर पाहावे, आणि मग कोलकात्याच्या बाजारात मनसोक्त हिंडावे. तेथे बद्रीदास टेम्पल स्ट्रीटवरचे १८६७ चे शीतलनाथ मंदिर काचेच्या कामासाठी अवश्य पाहावे.

दुसरा मोठा चढ सौराष्ट्रातला. पालिताण्याच्या शत्रुंजयाला सुमारे साडेतीन हजार पायऱ्या आहेत. चातुर्मासात तेथील यात्रा बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते, त्यामुळे दिवाळीनंतरच्या फटीत हा प्रवास नेमका बसतो. डोंगरावर रात्री कोणी मुक्काम करीत नाही. दिवस मावळण्याआधी शेकडो मंदिरांची ती नगरी मागे ठेवून सारे खाली येतात. गिरनारला ऑक्टोबर २०२० पासून रोपवे झाला आहे, पण त्याविषयी एक गैरसमज असतो. रोपवे थेट अंबाजीपर्यंत नेतो आणि नेमिनाथांचे जिनालय त्याच्या खाली आहे. म्हणजे वर जाऊन शेकडो पायऱ्या उतरून दर्शनाला यायचे, आणि तेथून एक तर तेवढ्याच पायऱ्या पुन्हा चढायच्या किंवा तळापर्यंत उतरायचे. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधीच ठरवावे. पायऱ्यांच्या मध्यावर उभे राहून होणारी चर्चा कधी गोड होत नाही. मुलांसाठी पुढे सासण गीरचे सिंह आहेत. ते अभयारण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर या काळात बंद असते.

श्रवणबेळगोळ यांच्या तुलनेने सौम्य आहे. विंध्यगिरीच्या खडकात सहाशेहून अधिक पायऱ्या कोरलेल्या आहेत, अनवाणी चढायच्या. सकाळी नऊच्या आत वर पोहोचावे, नंतर खडक तापतो. गंग राज्याचा मंत्री आणि सेनानी चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेली ही सत्तावन्न-अठ्ठावन्न फुटांची एकसंध मूर्ती छायाचित्रांतून कधीच पूर्ण कळत नाही. माथ्यामागे नुसते आकाश असते आणि पायांवरून वेली चढलेल्या असतात. त्या पायांपाशी मराठी वाचकाने थांबायलाच हवे. मूर्ती चावुंडरायाने करविली असे सांगणारा मजकूर तेथे मराठीतही कोरला आहे, आणि तो मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. मराठी शाळेत शिकलेल्या नातवाला ती अक्षरे दाखवून पाहावी. महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी येतो. मागचा २०१८ मध्ये झाला. त्या गर्दीची वाट पाहण्यापेक्षा साध्या जानेवारीत जाणे घरातल्या वृद्धांना अधिक मानवते.

येथूनच समुद्राकडे उतरणारा मार्ग हा कदाचित आपल्या कुटुंबांसाठी देशातला सर्वांत समाधानकारक प्रवास असेल. हळेबीडला बहुतेक प्रवासी होयसळेश्वर पाहून निघतात. थोड्याच अंतरावरच्या बसदींत गुळगुळीत घोटलेले काळे खांब आहेत, त्यांत स्वतःचे प्रतिबिंब दिसते. मग घाट उतरून कार्कळचा १४३२ चा बाहुबली, मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी, आणि पुढे मंगळूरचा किनारा. तीर्थ, शिल्प, घाट, समुद्र, सगळे एका आठवड्यात. जाताना वाट वाकडी करून कुंभोजचे बाहुबली क्षेत्रही घेता येते.

राजस्थान मात्र निर्धास्तपणे पुढच्या वर्षांसाठी ठेवावे. आबूच्या दिलवाड्यापर्यंत मोटार जाते, राणकपूरच्या पायऱ्या थोड्याच, जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनालये आणि ग्रंथभांडार गावातच. दिलवाड्यात सकाळची वेळ पूजेची. पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश असतो आणि छायाचित्रण करता येत नाही. ही बंदी म्हणजे वरदानच. १०३१ च्या विमलवसहीचे छत मान वर करून पाहावे लागते, आणि हातात मोबाईल नसला की माणूस ते खरोखर पाहतो.

केरळही असेच. कोचीच्या मट्टानचेरीत मसाल्याच्या व्यापारासाठी गेलेल्या गुजराती कुटुंबांनी वसविलेली पेठ आणि धर्मनाथ मंदिर आहे; दुपारी तेथे कबुतरांना दाणे टाकले जातात. हाऊसबोटीवर स्वयंपाक नावेतच होतो, त्यामुळे कंदमूळ नको, मासे शिजलेल्या भांड्यांत शिजविणे नको, हे आरक्षण करतानाच लेखी सांगावे. नावेत बसल्यावर सांगून उपयोग नसतो. लडाखला तीर्थ नाही आणि लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. वृद्धांना तेथे नेण्याचे काही कारण नाही, तरुणांनी जरूर जावे आणि पहिले दोन दिवस निमूट पडून राहावे.

ईशान्येकडे जाणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. साऱ्या देशाचे घड्याळ एक असले तरी सूर्य एक वेळ पाळत नाही. डिसेंबरच्या मध्यास निरवांगीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मधुबनात पाचच्या सुमारास, आणि गुवाहाटीत साडेचारलाच. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराला तेथे दुपारी चारला ताटावर बसावे लागते. बहुतेक उपाहारगृहांत त्या वेळी चुली थंड असतात. दुपारचे जेवण अकराला आणि संध्याकाळचे साडेतीनला, असे आधीच सांगून ठेवल्यास उपास घडत नाही. उलट जूनमध्ये जैसलमेरला पावणेआठपर्यंत उजेड असतो. गुवाहाटीत, दिमापुरात समाजाची जुनी वस्ती आहे. मंदिराच्या कार्यालयात आधी चौकशी केली की भोजनाचा प्रश्न बहुधा सुटतो.

दूर जाण्याच्या या उत्साहात जवळचे निसटते. वेरूळला न गेलेले घर सापडणे कठीण, पण ३० ते ३४ क्रमांकाची जैन लेणी पाहिलेले घर सापडणे त्याहून कठीण. कैलास पाहून मंडळी दमतात आणि उत्तरेच्या टोकाला असलेल्या इंद्रसभेकडे न जाताच परततात. उलट क्रमाने सुरुवात करावी. मंगळवारी लेणी बंद असतात.

आणि ज्या वर्षी एकच दिवस मिळेल, त्या वर्षी तो घराजवळच घालवावा. निरवांगीहून नीरा ओलांडली की माळशिरस तालुक्यातील दहिगावचे अतिशय क्षेत्र लागते. ब्रह्मचारी महतीसागरांच्या स्मृतीने पावन झालेले महावीरांचे मंदिर. आसपासच्या घरांत ते इतके ओळखीचे झाले आहे की मुलांना तेथे शेवटचे कधी नेले, हे आठवावे लागते. सकाळची पूजा तेथे करावी. परतताना वालचंदनगरमधून यावे आणि सोलापूरच्या एका जैन व्यापारी घरातील मुलाने, वालचंद हिराचंदांनी, या माळरानावर वसविलेल्या नगरात पुढे इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार झाले, हे मुलांना सांगावे. दुपारनंतर कडबनवाडीचे गवताळ रान. चिंकारा, खोकड आणि नशीब असेल तर लांडगा. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जावे. हिवाळ्यात भल्या पहाटे निघणे जमले तर याऐवजी भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी. आजीला होडीत बसविताना तिच्या काठीसकट बसवावे, उतरताना ती लागते.

कडबनवाडीहून साडेचारला निघाले तर सूर्यास्ताच्या आत घरी ताटे मांडता येतात.