सांधेदुखीची नवी गोळी : आधी तपासणी, मग उपचार

सकाळी तासभर बोटे उघडत नाहीत, वुजूसाठी नळ फिरवता येत नाही, सजद्यातून उठताना मनगटावर भार देववत नाही. अशा दुखण्याला आपल्या घरांत ‘वात आहे, वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. पण दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन-तीन पटींनी जास्त आढळतो.

आमवातात शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते. या फौजेतील पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. निरोप पेशीच्या दारापर्यंत येतो. तो आत पोहोचवतात कायनेज नावाची विकरे. ती पुढच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात. मग ते प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाते आणि सूज वाढवणारी जनुके जागी होतात. ‘जॅक’ घराण्यातील चार कायनेज हेच काम करतात. त्यांना अडवणारी टोफॅसिटिनिब ही गोळी अमेरिकेत २०१२ मध्ये आमवातासाठी मंजूर झाली. आता भारतातही अनेक कंपन्या ती बनवतात. कोरोनाच्या गंभीर रुग्णांना दिलेली बॅरिसिटिनिब याच जातीची.

मात्र जो निरोप सूज वाढवतो, तोच क्षयाच्या जंतूंना दाबून ठेवतो. जगातील सुमारे चौथा हिस्सा क्षयरुग्ण भारतात आहेत. कितीतरी निरोगी माणसांच्या शरीरातही हे जंतू झोपलेले असतात. निरोप बंद पडला की ते उठतात. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी आवश्यक आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोगाच्या धोक्याचाही कडक इशारा दिला. पन्नाशीपुढील व धूम्रपान करणाऱ्यांनी विशेष जपावे.

आमच्या राजुऱ्यासारख्या गावात शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणण्याची सवय आहे. या गोळीबाबत ती सवय जिवावर बेतू शकते. डॉक्टर बहुधा आधी मेथोट्रेक्सेट देतात. त्याने भागले नाही तरच ही गोळी. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी ती टाळावी. साधी गोळी दिवसातून दोनदा असते; ती सहेरी-इफ्तारला घेता येईल का, हे रमजानपूर्वीच विचारावे. ताप किंवा खोकला रेंगाळला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. चंद्रपूरची एक खेप महाग वाटते. पण वाकडी झालेली बोटे कोणतीही गोळी सरळ करत नाही.