जुन्या वळणाचें स्वयंपाकघर : धातु आणि दिवे

घर नव्यानें बांधावयाचें अगर जुनें दुरुस्त करावयाचें ठरलें, म्हणजे अलीकडे पुष्कळांस एक हौस उत्पन्न होते. ती ही कीं, स्वयंपाकघर आजीच्या घरांतल्यासारखें दिसावें. मांडणीवर पितळी डबे ओळीनें झळकावे, भिंतीवर तांब्याचीं पातेलीं टांगावीं, छतापासून एखादा कंदील लोंबावा आणि पायांखालीं नक्षीदार फरशी असावी. ही हौस आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. ज्या भांड्यांत तीन-चार पिढ्यांचें अन्न शिजलें, तीं मोडींत घालून वजनाचे पैसे घेण्यापेक्षां डोळ्यांसमोर ठेवणें केव्हांहि बरें. परंतु जुन्यांतलें काय घ्यावें व काय सोडावें याचा विचार न करितां नुसता देखावा उभा केला, तर त्याचा त्रास पाहणारास होत नाहीं. जी व्यक्ति त्या खोलींत रोज कित्येक तास उभी राहून काम करते, तिला होतो.

प्रथम जुनें स्वयंपाकघर खरोखर कसें होतें तें पाहूं. देशावरच्या वाड्यांत तें बहुधा माजघराच्या पलीकडे, घराच्या मागल्या अंगास असे. भिंती जाड, खिडकी लहान, आणि उजेड येई तो एखाद्या झरोक्यांतून. चुलीच्या धुरानें तुळया काळ्या झालेल्या असत व स्वयंपाक करणारीचे डोळे सदा चुरचुरत. चूल, वैल, पाटा-वरवंटा, विळी हीं सर्व जमिनीवर. स्वयंपाक बसून होई. म्हणून दिवाहि खालींच असे. कोनाड्यांतली चिमणी किंवा जवळ ठेवलेला कंदील बसलेल्या माणसाच्या हातांवर नेमका उजेड पाडी. दिव्याची उंची काम करणाराच्या डोळ्यांच्या उंचीवरून ठरत असे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

कोंकणांत याहून एक चांगली युक्ति होती. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला आणि त्या घडणीचीं कौलें पुढें पश्चिम किनाऱ्यावर दूरवर पसरलीं. त्याच आकाराचें कांचेचें कौल मिळूं लागल्यावर चुलीच्या वरच्या छपरांत तें एक-दोन ठिकाणीं बसवीत. दिवसा दिव्याची गरज उरत नसे. उन्हाचा चौकोन जमिनीवरून हळूहळू सरके, त्यावरून वेळेचाहि अंदाज बांधतां येई. जुन्या वळणाच्या नांवाखालीं लोक कंदील विकत आणतात, पण या कांचेच्या कौलाची आठवण कोणास होत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. छप्पर कौलारू असेल त्यानें दहा शोभेच्या दिव्यांआधीं हें एक कौल बसवावें.

आतां ओटा आला आहे व स्वयंपाक उभ्यानें होतो. डोळे हातभर वर गेले; दिवा त्याहूनहि वर, थेट छताच्या मध्यावर गेला, आणि येथेंच घोटाळा झाला. ओट्याकडे तोंड करून उभें राहिलें कीं मधला दिवा पाठीमागें येतो आणि आपलीच सावली सुरीवर पडते. ही अडचण फार पूर्वीं ओळखली गेली होती. १९२६ सालीं मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या स्थापत्यकार बाईंनीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं एक स्वयंपाकघर आंखलें. तें सुमारें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब होतें, आणि तशीं सुमारें दहा हजार बसविलीं गेलीं. त्यांत छताला एक रूळ असून दिवा त्यावरून पाहिजे तेथें सरकवितां येई. पीठ ठेवण्याचे खण ओक लांकडाचे, कारण त्याला कीड लागत नाहीं अशी समजूत. दारें निळसर हिरवीं, कारण त्या रंगावर माशी बसत नाहीं असें तेव्हां मानीत. माशीचें आम्हांस फारसें पटत नाहीं. पण प्रत्येक वस्तूस कांहीं कारण असावें हा त्यांतला आग्रह आम्हांस फार आवडतो.

तेव्हां दिवे असे योजावे. भिंतीवरच्या कपाटाच्या अगर फळीच्या खालीं, पुढच्या कडेजवळ, आडवी दीपपट्टी असावी. म्हणजे उजेड हातांच्या पुढून येतो. जेवणाच्या मेजावर लोंबता दिवा लावावयाचा तर मेजापासून अडीच ते तीन फूट उंच असावा. खालीं आला तर समोरच्याचें तोंड दिसत नाहीं आणि वर गेला तर डोळ्यांत जातो. प्रकाशाचा रंग केल्विन या मापानें मोजतात. मेणबत्तीचा प्रकाश १९०० केल्विनच्या आसपास, तर जुन्या तारेच्या बल्बचा २७०० च्या सुमारास असतो. हल्लींचे एल.ई.डी. दिवे २७०० पासून ६५०० पर्यंत मिळतात. ६५०० च्या निळसर प्रकाशांत पितळ फिकें, आजारी दिसतें. २७०० ते ३००० मध्यें तें सोन्यासारखें उजळतें. पूर्वींच्या साठ वॅटच्या बल्बाइतका उजेड आतां आठ-नऊ वॅटचा दिवा देतो; मग काटकसरीसाठीं अंधारांत कांदा कां चिरावा?

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळीं महाराष्ट्रांत घरोघर होता. तसा एखादा माळ्यावर सांपडल्यास त्यांत विजेचा दिवा बसवितां येतो. मात्र तो पत्र्याचा आहे हें विसरूं नये. तार जेथून आंत जाते त्या भोंकाची धार रबरी कडीनें झांकावी, आणि धातूच्या अंगास भूमिगत तार जोडावी. नाहीं तर ओल्या हातानें शोभेच्या कंदिलास स्पर्श करणारास प्राणघातक झटका बसावयाचा.

धातूंविषयीं पुष्कळ सांगण्यासारखें आहे. पितळ म्हणजे तांबें व जस्त, आणि कांसें म्हणजे तांबें व कथील. यांच्या शेजारीं आतां स्टेनलेस स्टील असावयाचेंच. इंग्लंडांत शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनें तें १९१३ सालीं केलें, आणि भांडीं धुण्याच्या ठिकाणीं त्यास तोड नाहीं. अनेक धातु एकत्र आणण्यास हरकत नसते. पण एकानें यजमान व्हावें, बाकीच्यांनीं पाहुणे. कड्या-मुठी सर्व पितळी असल्या, तर दिव्यांचीं टोपणें काळ्या लोखंडाचीं चालतील. प्रत्येक कपाटास निराळी मूठ लावली तर तें मोडीचें दुकान दिसेल. ओल्या जागीं पितळेस लोखंडी खिळा मात्र मारूं नये. दोन धातु पाण्यांत एकत्र आल्या कीं लोखंड झपाट्यानें गंजतें.

टांगलेलें तांब्याचें पातेलें सणावारीं खालीं काढून त्यांत आमटी करावी, असा मोह होतो. येथें सावधगिरी हवी. चिंच, कोकम, ताक यांचा आंबटपणा तांब्या-पितळेस लागला कीं पदार्थ कळकतो. त्यांत तांब्याचे क्षार उतरतात व खाणारास मळमळ, ओकारी होते. यासाठींच कल्हई. भांडें तापवून त्यावर नवसागर टाकला म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ होतो; मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानें सर्वत्र पसरवितात. कथील २३२ अंश सेंटिग्रेडवर वितळतें, तांबें १०८५ वर. म्हणून भांड्यास इजा न होतां आंतून रुपेरी थर बसतो. त्याच कारणानें कल्हईचें भांडें रिकामें गॅसवर ठेवूं नये. थर वितळून गोळा होतो. कल्हईवाला आतां दारावर क्वचितच येतो. तो ज्यांस मिळत नाहीं, त्यांनीं पातेलें भिंतीवरच राहूं द्यावें.

भुईस शहाबादी फरशी आणि ओट्यास कडप्पा हे जुने सोबती आजहि स्वस्त व मजबूत आहेत. घोटून गुळगुळीत केलेली फरशी पाणी सांडल्यास निसरडी होते, म्हणून ती खरबरीतच घ्यावी.

राहतां राहिली घांसण्याची गोष्ट. नव्या पितळी तोट्यांवर पुष्कळदां पारदर्शक लेप असतो. त्यास चिंच व राख लावली कीं लेप जागोजाग निघून डाग पडतात. बिनलेपाचें पितळ काळवंडतें, पण घांसलें कीं पुन्हां उजळतें. मांडणीवर किती पितळ असावें, हें ठरवितांना घरांत घांसणारे हात किती व तें काम कोणाच्या वांट्यास जाणार, हें त्या हातांना आधीं विचारावें. पंचवीस डब्यांऐवजीं सहा ठेवावे, आणि ते घांसण्यास घरांतील मुलांनींहि बसावें.