सन्मानाची भूक आणि दोन डॉलरचे रिव्हॉल्व्हर : रिचर्ड राइट यांची एक कथा

पौगंडावस्थेतील मुलाला मोठे व्हायचे असते. परंतु मोठेपण कशात आहे, हे तो भोवतालच्या समाजाकडूनच शिकतो. या दृष्टीने अमेरिकन कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट (१९०८-१९६०) यांची ‘द मॅन हू वॉज ऑलमोस्ट अ मॅन’ ही कथा अभ्यासण्यासारखी आहे. १९४० साली ती वेगळ्या शीर्षकाने मासिकात आली आणि पुढे १९६१ च्या ‘एट मेन’ या संग्रहात समाविष्ट झाली.

कथेचा नायक डेव्ह सॉन्डर्स सतरा वर्षांचा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात हॉकिन्स या गोऱ्या जमीनदाराच्या शेतावर तो राबतो. त्याची मजुरी आईच्या हाती पडते, वडिलांच्या माराची भीती आहे आणि शेतावरचे सोबती त्याला पोर समजतात. हाती शस्त्र आले की आपल्याला कोणी असे वागवणार नाही, अशी त्याची समजूत होते. तो आईची मनधरणी करतो. रिव्हॉल्व्हर वडिलांसाठी राहील, या अटीवर ती पैसे देते. गोऱ्या दुकानदाराकडून दोन डॉलरला घेतलेले ते जुने रिव्हॉल्व्हर डेव्ह मात्र स्वतःजवळच ठेवतो. शेतात झाडलेली पहिलीच गोळी हॉकिन्सच्या जेनी या खेचराला लागते. घाबरलेला डेव्ह जखमेत माती भरून रक्त थांबवू पाहतो, खेचर मरते. त्याचे खोटे उघडे पडते आणि जमलेले लोक हसतात. भरपाई ठरते पन्नास डॉलर, दरमहा दोन डॉलरप्रमाणे. म्हणजेच पंचवीस महिने दर महिन्याला एका रिव्हॉल्व्हरची किंमत!

ही केवळ अल्लड मुलाच्या चुकीची गोष्ट नव्हे. दुकानदार आणि जमीनदार दोघेही डेव्हला ‘बॉय’ म्हणतात. त्या काळी दक्षिणेत प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषांनाही याच शब्दाने हाक मारीत. मतदानाचा हक्क १८७० च्या घटनादुरुस्तीने मिळाला होता. तरी मिसिसिपीसारख्या राज्यांनी मतदान-कर व साक्षरतेच्या अटी लादून तो व्यवहारात हिरावून घेतला. जिथे वय वाढूनही माणूस ‘पोर’च राहतो, तिथे पौरुषाचे चिन्ह दुकानातून विकत घ्यावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. मात्र शस्त्राने डेव्हला सन्मान मिळत नाही; तो अधिकच कर्जात बांधला जातो.

शेवटी डेव्ह रात्री पुरलेले रिव्हॉल्व्हर उकरून काढतो, उरलेल्या गोळ्या झाडतो आणि इलिनॉय सेंट्रलच्या धावत्या गाडीवर चढून निघून जातो. हा रेल्वेमार्ग शिकागोकडे जाणारा. विसाव्या शतकात दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीयांनी उत्तरेकडे स्थलांतर केले. स्वतः राइटही १९२७ साली शिकागोला गेले. पण डेव्हच्या खिशात अजून ते रिकामे रिव्हॉल्व्हर आहे. ही सुटका आहे की जुनीच चूक सोबत नेणे आहे, याचे उत्तर लेखक देत नाहीत.

वर्गात ही कथा शिकविताना ‘डेव्ह चुकला का?’ एवढ्याच प्रश्नावर थांबणे पुरेसे नाही. मजुरीतील थोडा हिस्सा त्याच्या हाती देणे, हसण्याऐवजी त्याचे ऐकून घेणे, यांपैकी काहीच कोणी का केले नाही, हेही विद्यार्थ्यांना विचारावे. सतरा वर्षांच्या वाचकांना त्याचे उत्तर बहुधा शिक्षकांपेक्षा लवकर सापडेल.