राजा गोदीत येतो तेव्हा

अकोल्याहून समुद्र रेल्वेने साधारण सहाशे किलोमीटर. इथे बसून जहाज बांधणाऱ्या कामगारांची गोष्ट कशाला, असं कुणी विचारेल. पण दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडच्या क्लाइडबँक गावी बांधलेल्या एका विनाशिकेचं नाव होतं ‘निजाम’. ‘हैदराबाद आणि बेरारचे निजाम’ मीर उस्मान अली खान यांच्या आर्थिक मदतीमुळे ते नाव पडलं. म्हणजे आपल्या वऱ्हाडाचं नाव ज्यांच्या पदवीत होतं, त्यांचं नाव घेऊन ते जहाज ऑस्ट्रेलियाच्या नौदलात लढलं. म्हणून आज आपण हा विषय घेतला आहे: युद्धकाळात राजे गोदीत का जात, आणि त्याने कामगारांचं मन खरंच उभारी धरत होतं का?

आधी पहिल्या महायुद्धात जाऊ. फेब्रुवारी 1915 मध्ये क्लाइड नदीकाठच्या कारखान्यांतल्या कामगारांनी मजुरीत तासाला दोन पेन्स वाढ मागत संप केला. महागाई वाढली होती, घरभाडी चढली होती. पण जहाजबांधणी कारखानदारांचं शिष्टमंडळ लॉइड जॉर्ज यांना भेटलं आणि म्हणालं, काम मागे पडतं ते दारूमुळे. लॉइड जॉर्ज यांनी दारूला जर्मनीपेक्षा मोठा शत्रू ठरवलं. त्यावर राजा पंचम जॉर्ज यांनी एप्रिलमध्ये जाहीर केलं की युद्ध संपेपर्यंत राजवाड्यात मद्य बंद. आता गंमत पाहा. राजाने सोडली, पण पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी काही सोडली नाही. संसदेनेही तो नियम स्वतःला लावून घेतला नाही. मग तो उपदेश कामगाराच्या गळी कसा उतरणार?

मे 1915 मध्ये राजा स्वतः क्लाइडवर आला. गोद्यांतून फिरला, रिव्हेट ठोकणाऱ्यांशी बोलला. अशा भेटीचा परिणाम होत नाही, असं आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या कामाकडे कधी कुणी पाहिलं नाही, त्याच्यापुढे देशाचा राजा येऊन उभा राहिला, तर बरं वाटतंच. पण घरी परतल्यावर भाडं तेवढंच होतं. त्याच वर्षी ग्लासगोत बायकांनी पुढे होऊन भाडेबंदी पुकारली, सुमारे 20,000 कुटुंबांनी भाडं थांबवलं. 17 नोव्हेंबर 1915 रोजी भाडेकरूंवर खटला उभा राहिला, तेव्हा गोदीतले कामगार हत्यारं खाली ठेवून न्यायालयावर चालून गेले. डिसेंबर संपण्याआधी सरकारने भाडं गोठवणारा कायदा केला. राजाच्या भेटीने जे झालं नाही, ते या कायद्याने झालं.

1917 मध्ये रशियात राजाचा मावसभाऊ असलेला झार पदच्युत झाला आणि इंग्लंडचं राजघराणं सावध झालं. जूनमध्ये राजा ईशान्य इंग्लंडच्या गोद्यांत, सप्टेंबरमध्ये पुन्हा क्लाइडवर आला. त्याच जूनमध्ये नवा सन्मान सुरू झाला, त्याचं पदक कारखान्यातल्या साध्या कामगारालाही मिळू लागलं. म्हणजे या भेटींत कामगाराला जेवढा राजा हवा होता, त्याहून जास्त राजाला कामगार हवा होता.

आता आपल्याकडे या. तारीख पुन्हा 17 नोव्हेंबर, साल 1921. युवराज मुंबईत उतरले. स्वागताला बहिष्काराने उत्तर मिळालं, गिरणीकामगार रस्त्यावर आले, परदेशी कापडाची होळी झाली. पुढे दंगल पेटली, पन्नासच्या वर माणसं मेली आणि गांधीजींनी उपास केला. दंगल वाईटच होती. पण तिकडे कामगार राजाकडून घरभाड्याचा न्याय मागत होता, इकडे लोकांना तो राजाच आपला वाटत नव्हता. मग पाहुण्याच्या भेटीने उभारी कुठून येणार?

आणि वऱ्हाड? 1902 च्या करारानुसार वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने गेला, बदल्यात निजामाला वर्षाला 25 लाख रुपये. 1936 च्या करारात निजामाचं सार्वभौमत्व कागदावर मान्य झालं, त्यांचे वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले, कारभार मात्र इंग्रजांकडेच राहिला. 1939 मध्ये व्हाइसरॉयने कुणाला न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढलं, तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडचं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलं. ‘निजाम’ जहाज जुलै 1940 मध्ये पाण्यात उतरलं. त्याच ऑक्टोबरात शेजारी पवनारला विनोबांनी युद्धाविरुद्ध वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, आणि ऑगस्ट 1942 मध्ये आपल्या अमरावती जिल्ह्यात बेनोड्याला गोळीबार झाला. जहाजावर नाव आपल्या निजामाचं, पण कापूस पिकवणाऱ्याला विचारलं कुणी?

आम्हाला यातून एवढंच दिसतं. मनाला उभारी येते ती दोन गोष्टींनी: सांगणाऱ्याने आधी स्वतः झीज सोसली पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला ते काम आपलं वाटलं पाहिजे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडा म्हटलं, तेव्हा त्यांनी ते आधी स्वतःच्या घरात करून पाहिलं. देश आपला होता, म्हणून सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद राहिली. पंचम जॉर्जनेही पेला बाजूला ठेवला होता, मंडळी. पण त्याच्या पंक्तीतल्या बाकीच्यांनी ठेवला नाही, आणि कामगाराचं लक्ष पंक्तीकडे असतं.